आवृत्ती निघाल्यानंतर

मी आर्वीचा. कविता लिहितो, पण घर कवितेवर चालत नाही, लग्नपत्रिकांवर चालतं. बी.ए. झाल्यावर काही वर्षं नोकरीची वाट पाहिली आणि मग डीटीपीचं छोटं दुकान टाकलं. ते अजून चालू आहे. आज मी बोलणार आहे तो विषय मला त्या दुकानातल्या टेबलावरच भेटला, फक्त त्याचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पत्रिकेचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना हे लगेच कळेल. गिऱ्हाईक मजकूर देतं, आपण जुळवून दाखवतो. संध्याकाळी मुलीचा काका येतो आणि म्हणतो, आत्याचं नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः येते. मी प्रत्येक वेळी फाइल नव्या नावाने ठेवायचो. आधी 'पत्रिका', मग 'पत्रिका फायनल', मग 'फायनल २', मग 'फायनल खरी'. एकदा छापायला गेली ती 'फायनल २'. आत्याच्या नावाशिवाय पाचशे पत्रिका. ते पैसे अर्थातच माझ्या खिशातून गेले.

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. ईदला आला होता. माझ्या संगणकावरच्या त्या फायनलांची रांग पाहून तो हसला. म्हणाला, "मामू, तुम्ही हे जे करता ना, त्याला आमच्याकडे व्हर्जन कंट्रोल म्हणतात. फक्त तुम्ही ते हाताने करता, आणि चुकीचं करता."

व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रत्येक बदलाची वही. कोणी बदललं, कधी बदललं, काय काढलं, काय घातलं आणि कशासाठी. फाइल एकच राहते. मागची कुठलीही अवस्था हवी तेव्हा उघडून पाहता येते. यासाठी आज जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे गिट. लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं, म्हणजे संगणकाचा गाभा चालवणारा असा कार्यक्रम की जो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. पहिली दहाएक वर्षं जगभरातले लोक आपापले बदल ई-मेलने पाठवायचे आणि टोरव्हाल्ड्स ते जोडत बसायचा. २००२ मध्ये बिटकीपर नावाचं एका खासगी कंपनीचं साधन वापरायला घेतलं. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा त्याने एप्रिल महिन्यात काही दिवसांत स्वतःचं साधन लिहिलं. तेच गिट. आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते ज्युनिओ हामानो यांच्या हाती सोपवून तो आपल्या लिनक्सकडे वळला. हामानो ते तेव्हापासून सांभाळत आहेत. जन्म देणाऱ्याचं नाव सगळ्या दुनियेला माहीत. वीस वर्षं सांभाळणाऱ्याचं नाव मला भाच्याला दोनदा विचारावं लागलं.

गिटमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ब्रँच. हा शब्द आर्वीच्या माणसाला समजावून सांगायला नको. मुंबई-हावडा मेन लाइन पुलगाववरून जाते आणि पुलगावहून आर्वीला नॅरोगेजची ब्रँच लाइन होती. आता ती छोटी गाडी येत नाही, पण ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना मेन लाइन म्हणजे काय आणि ब्रँच म्हणजे काय हे हाडांना माहीत आहे. गंमत अशी की लिनक्सच्या मुख्य प्रवाहालाही मेनलाइनच म्हणतात. नवं काही करून पाहायचं असेल तर मेनलाइनवरून एक ब्रँच काढायची, तिथे मोडतोड करायची, मेनलाइनला धक्का लागत नाही. आमची गाडी आर्वीला येऊन थांबायची, पुढे रूळ नव्हता. गिटमधली ब्रँच मात्र काम पुरं झालं की मेनलाइनला परत जोडता येते. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदललेली असली तर गिट थांबतं आणि विचारतं, यातली कोणती ठेवू? काका आणि आत्या एकाच वेळी दुकानात आल्यासारखं. तिथे निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

आता आवृत्तीकडे येतो. पुस्तकवाल्यांना आवृत्ती म्हणजे काय ते सांगायला नको. छापखान्यात कागद चढला की कवीचा हात थांबतो. सॉफ्टवेअरला कागद नाही, शाई नाही, म्हणून थांबायला कारणही नाही. मेनलाइनवर रोज नवं काही येत राहतं. जो कार्यक्रम रोज बदलतो तो शाळेत, दवाखान्यात, बँकेत कोण लावणार? म्हणून कोणीतरी म्हणावं लागतं, आता पुरे.

आपल्या भागात पऱ्हाटीचा शेंडा खुडतात. झाड ठरावीक वाढलं की शेतकरी वरचा कोवळा शेंडा मोडून टाकतो. झाडाला सोडलं तर ते उंचच जात राहील, पण मग बोंडं पोसायची कशी? सॉफ्टवेअरमध्ये याला फ्रीझ म्हणतात. लिनक्समध्ये एक आवृत्ती निघाली की दोन आठवडे दार उघडं असतं. नवं जे काही यायचं ते त्या दोन आठवड्यांत यायचं. मग दार बंद. त्यानंतर दर आठवड्याला एक उमेदवार आवृत्ती निघते आणि तिच्यात फक्त चुका दुरुस्त होतात. असं सहा, सात, कधी आठ वेळा. नऊ-दहा आठवड्यांनी आवृत्ती बाहेर. काम तयार नसेल तर ते पुढच्या गाडीला. कोणासाठी गाडी थांबत नाही, आणि ही शिस्त मला आवडते. पत्रिकेला ती लावता आली असती तर मी आज श्रीमंत असतो.

पुष्कळ प्रकल्पांत याहून वेगळी पद्धत आहे. आवृत्तीची वेळ आली की मेनलाइनवरून तिची वेगळी ब्रँच काढतात. समजा ती २.४ ची ब्रँच. तिच्यावर शेंडा खुडलेला, म्हणजे नवं काही नाही, फक्त दुरुस्त्या. इकडे मेनलाइनवर २.५ चं काम मोकळेपणाने चालू. ज्या दिवशी आवृत्ती निघते त्या दिवशी ब्रँचवर त्या जागी एक खूण ठोकतात, तिला टॅग म्हणतात. ब्रँच पुढे सरकत राहते, टॅग हलत नाही. पुढे २.४ मध्ये चुका सापडल्या की २.४.१ निघते, मग २.४.२. हा जो शेवटचा आकडा आहे ना, तो म्हणजे आपलं शुद्धिपत्र.

या फ्रीझचं मोल मला खरं पटलं ते भाषांतरामुळे. लिनक्सच्या गाभ्यावर जो दर्शनी भाग असतो, खिडक्या, बटणं, सूचना, तो देणारा ग्नोम नावाचा एक मोठा प्रकल्प आहे. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, त्याची आवृत्ती निघते. २००० नंतरच्या दशकात त्याचं मराठी भाषांतर झालं. फेडोरा नावाची लिनक्सची जी मांडणी आहे तिचंही झालं. रेड हॅट कंपनीचे भाषांतरकार पुण्यात बसून मराठीसकट अनेक भारतीय भाषांचं काम करत होते. आता कल्पना करा. तुम्ही एका वाक्याचं मराठी केलं, ते जुळवलं, तपासलं, आणि इकडे इंग्रजीत कोणीतरी एक शब्द बदलला. संगणकाच्या हिशेबी ते वाक्य नवं झालं. तुमचं मराठी गळून पडलं आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी आलं. चालत्या बैलगाडीवर मेंदी काढण्यासारखं काम आहे हे. म्हणून आवृत्तीच्या आधी एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवसानंतर इंग्रजी वाक्यांना कोणी हात लावायचा नाही. त्याला स्ट्रिंग फ्रीझ म्हणतात. ग्नोममध्ये नियम असा आहे की त्यानंतर एखादं वाक्य बदलायचंच असेल तर कार्यक्रम लिहिणाऱ्याने भाषांतराचं काम पाहणाऱ्या मंडळींकडे अर्ज करायचा आणि त्यांच्यातल्या दोघांची संमती मिळवायची. एरवी भाषांतरकाराला जेवायच्या पंगतीत शेवटी बसवतात. इथे त्याच्या संमतीशिवाय ताट हलत नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं.

फेडोराच्या मेनलाइनचं नाव रॉहाइड. म्हणजे न कमावलेलं चामडं. नाव ठेवणारा माणूस कारागीर असला पाहिजे. रॉहाइडवरून सहा महिन्यांनी एक ब्रँच निघते, ती कमावली जाते, आवृत्ती होते, आणि साधारण तेरा महिने तिची देखभाल होते. मग बंद. म्हणजे त्या आवृत्तीत पुढे चूक सापडली तरी शुद्धिपत्र निघत नाही.

काही ब्रँच अशाही असतात की त्या मिळतच नाहीत. लोहित नावाचे फाँट पुष्कळांनी पाहिले असतील, नाव माहीत नसेल. लोहित म्हणजे लाल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने ते दिले आणि रेड हॅटने ते खुल्या परवान्याने सगळ्यांना वाटले. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून खास फाँटसाठी असलेला खुला परवाना लावला. लिपी देवनागरीच, पण त्यात मराठीसाठी फाँट वेगळा निघाला, कारण आपला पाकळीचा ल आणि आपला श हिंदीच्या वळणाचे नाहीत. मराठी माणूस म्हणून मला याचा आनंद. दुकानदार म्हणून डोकेदुखी दिसते. दोन्हीकडे सारखं असलेलं एखादं जोडाक्षर चुकलं तर ते दोन ठिकाणी सुधारायचं, आणि एक ठिकाण कोणीतरी विसरणार. दुसरा मार्गही आहे. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवायची आणि मजकूर मराठी आहे असं फाइलने सांगितलं की मराठी ल दाखवायचा. पण त्यासाठी मजकूर कोणत्या भाषेतला हे फाइलने सांगावं लागतं, आणि आपण सांगत नाही. माझं मन अजून दोन्हीकडे आहे.

आता माझी गोष्ट. माझ्या कविता १९९८ पासून जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. जुना फाँट म्हणजे आत साठवलेली अक्षरं इंग्रजी आणि वर मुखवटा मराठीचा. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता कचरा. युनिकोडमध्ये तसं नाही; तिथे प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. २०१४ साली संग्रह काढायचं ठरलं. छापखान्याने युनिकोड मागितलं. भाच्याने एक ओपन सोर्स रूपांतरक शोधून दिला. जुनं टाका, नवं घ्या. सोळा वर्षांच्या कविता पाच मिनिटांत बदलून निघाल्या. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

आपल्या मराठीत एक अर्धा र आहे, जो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो. वऱ्हाडमधला, पऱ्हाटीतला, गिऱ्हाइकातला. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो बनतो तो टिंबाच्या ऱ पासून, आणि ते अक्षर ठेवलेलं आहे द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी. म्हणजे आमच्या वऱ्हाडाचं नाव नीट लिहायला दक्षिणेकडून उसना घेतलेला र लागतो. त्या रूपांतरकाच्या कोष्टकात ही पापणी साध्या र च्या खात्यात टाकलेली होती. त्यामुळे तिचा रफार झाला. आष्टी-कारंजाकडच्या डोंगराळ भागावर माझी एक कविता आहे. त्यातल्या दऱ्यांचा सगळीकडे दर्या झाला. दर्या हा शब्द आमच्या घरातला, फारसीतून आलेला, त्यामुळे वाचताना तो मला खटकलाच नाही. मुद्रितं तपासताना डोळा त्याच्यावरून घसरून गेला. पुस्तक छापून आलं आणि एका मित्राने विचारलं, "भाई, आष्टीला समुद्र कधी आला?"

भाच्याने त्या प्रकल्पाला कळवलं. ते सांभाळणारा माणूस दूरच्या राज्यातला, त्याला मराठी येत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते वाचून मी थक्क झालो. ही चूक चार महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका मराठी माणसाने दाखवली होती आणि मेनलाइनवर ती दुरुस्त झालेली होती. पण मेनलाइनचं तेव्हा घर पाडून बांधणं चाललं होतं. पुढची आवृत्ती वर्षभराने येणार होती. लोक वापरत होते ती जुनी आवृत्ती, आणि तिच्या ब्रँचवर ती दुरुस्ती कोणी आणलीच नव्हती. म्हणजे मी फाइल बदलली त्या दिवशी औषध जगात होतं. माझ्या बाटलीत नव्हतं.

मेनलाइनवरची एकच दुरुस्ती उचलून जुन्या ब्रँचवर आणायला चेरी-पिक म्हणतात. आपण वेचणी म्हणू. बोंड फुटलं तेवढंच घ्यायचं, झाड उपटायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण इथे मेनलाइनवर कोष्टकाची मांडणीच बदललेली होती, त्यामुळे ती दुरुस्ती जुन्यावर बसेना. सांभाळणारा म्हणाला, जुन्यासाठी तुम्ही वेगळी करून द्या, मी घेतो. भाच्याने नोकरीवरून येऊन दोन रात्री बसून ती केली. बदल एका ओळीचा. उरलेला सगळा वेळ गेला तो हे पाहण्यात की या एका ओळीने हिंदीचं काही बिघडत नाही, नेपाळीचं काही बिघडत नाही, आणि खरा रफार जिथे हवा तिथे, म्हणजे सूर्यात आणि कार्यात, तो तसाच राहतो. आठ दिवसांनी शेवटचा आकडा एकाने वाढला. शुद्धिपत्र निघालं.

लिनक्समध्ये हे काम करणारी मंडळी २००५ पासून आहेत. ग्रेग क्रोआ-हार्टमन त्यांचे मुख्य. त्यांचा एक नियम फार पक्का आहे. कुठलीही दुरुस्ती आधी मेनलाइनवर गेली पाहिजे, मगच ती जुन्या आवृत्तीत घेतली जाईल. उलट केलं तर काय होतं? तुम्ही जुन्यात चूक सुधारता, नव्यात सुधारायची राहते, आणि वर्षभराने लोक नव्या आवृत्तीवर गेले की बरा झालेला आजार पुन्हा उठतो. नियमाचा हा अर्धा भाग आमच्या रूपांतरकात पाळला गेला होता. राहिला तो दुसरा अर्धा, मागे वळून जुन्याला देण्याचा. तो अर्धा नेहमीच राहतो, कारण त्यात नाव नाही. नव्या सोयीचं कौतुक होतं; तीन वर्षं जुन्या ब्रँचवर एक ओळ बदलली याचं कोण कौतुक करतं? लिनक्सच्या काही आवृत्त्या सहा-सहा वर्षं सांभाळल्या जात होत्या. २०२३ मध्ये जाहीर झालं की यापुढे ती मुदत दोन वर्षांवर आणायची. सांभाळणारे थकतात, आणि इतकी जुनी आवृत्ती वापरणारे थोडे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा थकवा मला समजतो. थोडे कोण, हे मात्र पुण्या-मुंबईतून नीट दिसत नाही. तालुक्याच्या वाचनालयातला संगणक, शाळेला कोणीतरी दान दिलेली यंत्रं, माझ्या दुकानातलं खोकं, यांच्यावर जी आवृत्ती बसते ती बसते. ती बदलायला कोणी येत नाही. आमच्याकडे जुनी आवृत्ती हीच आवृत्ती.

मागच्या हिवाळ्यात भाचा आला तेव्हा त्याला वर्ध्याला गोपुरीला गीताई मंदिर दाखवायला नेलं. विनोबांनी गीताई वर्ध्यात १९३०-३१ मध्ये रचली, १९३२ मध्ये ती छापून निघाली, आणि त्यानंतरही ते तिच्यातल्या शब्दांवर हात फिरवत राहिले. १९८० मध्ये हे मंदिर झालं. वर छत नाही, नुसत्या उभ्या शिळा, आणि त्यांच्यावर अठराही अध्याय कोरलेले. भाचा शिळांमधून बराच वेळ फिरला. मग म्हणाला, "मामू, हा टॅग आहे." मी म्हटलं, "हो. पण कोरणाऱ्याचं मुद्रित कोणी तपासलं असेल, त्याला रात्री झोप लागली असेल का?" मग आम्ही दोघं पापणीचा र शोधत फिरलो. पाथरवटाने प्रत्येक ठिकाणी तो नीट काढला आहे.

माझ्या संग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या. साडेतीनशे गेल्या, त्या दर्यासकट गेल्या. त्यांचं काही करता येत नाही. दीडशे घरात आहेत. दुसऱ्या आवृत्तीची फाइल भाच्याने गिटमध्ये ठेवून दिली आहे, तिच्यात दऱ्या परत आल्या आहेत आणि दोन नव्या कविताही शिरल्या आहेत, त्या त्याने वेगळ्या ब्रँचवर काढायला लावल्या. पहिल्या आवृत्तीसाठी मी दुकानातच शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या. एका पानावर आठ बसतात. गिऱ्हाईक नसलं की कापतो आणि पान चौदावर चिकटवतो. आजपर्यंत नव्वद प्रती झाल्या.